आतून लागलेली गाडी

आई गेल्यावर बाबांना आणि त्यांच्या गाडीला मी एकाच दिवशी उलव्याहून सीवूड्सला घेऊन आले. भाऊ पुण्याहून आला होता, तेराव्यापर्यंत राहिला. निघताना त्याने बाबांची बॅग माझ्या हातात दिली आणि वर गाडीची चावी ठेवली.

"ही जरा त्रास देते," तो म्हणाला. "बटण दाबलं तर कधी उघडते, कधी नाही. कुणाला तरी दाखवून घे."

मी हो म्हटलं. त्या दिवसांत कोणी काहीही सांगितलं तरी मी हो म्हणत होते.

आई होळीच्या सुमारास गेली. दुपारी छातीत दुखायला लागलं, शेजाऱ्यांनी नेरुळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, मी बेलापूरच्या ऑफिसातून पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते. त्यांनी काय झालं ते सांगितलं. मी नीट ऐकलं आणि त्यांना विचारलं, पार्किंगची पावती कुठे दाखवायची. ते जरा थांबून म्हणाले, खाली काउंटरवर. मी खाली गेले, पावती दाखवली, शिक्का मारून घेतला आणि परत वर आले. पुढचं सगळं मी असंच केलं. नातेवाइकांना फोन केले, फुलं आणवली, भटजींनी सांगितलेलं सामान आणलं. आत्या म्हणाली, "रडून घे गं, बाळ, साठवून ठेवू नये." पण साठवलेलं असं काही सापडत नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर जसं आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं. दुखत नव्हतं.

बाबांचं कळलं ते त्यानंतर. आई फोनवर म्हणायची, "बाबा हल्ली जरा विसरतात," आणि विषय बदलायची. आम्ही रविवारी जायचो तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसलेले असायचे, "ये ये" म्हणायचे, पेपर वाचायचे. आई आतून त्यांच्या प्रत्येक वाक्याला एक धागा पुरवत असायची. "अहो, ती विमानतळाचं विचारतेय," "अहो, नातवाचं नाही, भाच्याचं लग्न." आम्हाला वाटायचं, बाबांना ऐकू कमी येतं. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुझी आई कुठे गेली? चहा नाही झाला अजून." आदल्या दिवशी त्यांनीच तिला अग्नी दिला होता.

मी त्यांना सांगितलं. बाबा, आई काल गेली. त्यांचा चेहरा माझ्यासमोर हळूहळू पडला. खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला कुणी सांगितलं कसं नाही?" म्हणाले. दुपारी जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं.

भावाचं मत पक्कं होतं. "दर वेळी खरंच सांगायचं. आज एक खोटं, उद्या दुसरं, गुंता वाढत जातो. आणि बाबांशी खोटं बोलणं मला बरं वाटत नाही." तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणून मी खरं सांगत राहिले. सीवूड्सला आल्यावरही. जिन्यातला दिवा बंद करा असं सांगावं तशा आवाजात मी त्यांना सांगायचे की आई गेली, आणि ते दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे खुर्चीवर बसायचे, हात गुडघ्यांवर. मग मी कुकर लावायला जायचे.

माझं घर लहान आहे, लग्न मोडल्यापासून मी एकटीच राहते. ऑफिसने काही आठवडे घरून काम करायला दिलं होतं. दिवसा बाबांना सांभाळायला एक बाई मिळेपर्यंत आम्ही दोघंच होतो. एकाच गोष्टीने ते खूश व्हायचे, गाडीत बसल्यावर. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली होती, बसने जाऊन येऊन. उलव्याचा फ्लॅट घेतला त्याच वर्षी ही छोटी चंदेरी गाडी आली. घरातली पहिलीच. उतारवयात गाडी शिकले आणि फार जपून चालवायचे. गेल्या काही वर्षांत आईने ती हळूच बंद करवली होती. आता मी चालवायची आणि ते शेजारी बसून रस्त्याकडे बघायचे. सिग्नल लाल झाला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

चावीचा त्रास मात्र खरा होता. बटण दाबलं की कधी चारही दारं उघडायची, कधी एकच, कधी काहीच नाही. सेल बदलला, फरक पडला नाही. मग आणखी एक सुरू झालं. ड्रायव्हरचं दार उघडून मी उतरले आणि दार लावलं की मागून खट्ट असा आवाज यायचा आणि सगळी दारं आपोआप लॉक व्हायची. मी चावी हातात ठेवायची सवय लावून घेतली. किल्लीच्या पात्यानं दार उघडता येत होतं, त्यामुळे अडत नव्हतं. दुसरी चावी असायला हवी होती. भावाने उलव्याच्या घरातलं प्रत्येक कपाट रिकामं करून बघितलं होतं, मिळाली नाही.

नेरुळला एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने ड्रायव्हरच्या दाराचं आतलं कव्हर काढलं, वायर हलवून बघितली.

"मॅडम, सेंट्रल लॉकिंगची मोटर गेलीय," तो म्हणाला. "ह्याच्या सिग्नलवर बाकीची तीन दारं चालतात. हाच येडा झालाय तर बाकीचे पण येडे होणार. आणि चावीचं रिमोट पण वीक आहे."

"किती दिवस लागतील?"

"जुनं मॉडेल आहे. पार्ट मागवतो, आला की फोन करतो. तोपर्यंत उतरताना काच थोडी खाली ठेवत जा. लॉक झाली तरी हात घालून उघडता येईल."

मी हो म्हटलं आणि तसं करत राहिले. कुठेही बाबांना गाडीत बसवून उतरायचं असलं की माझ्या बाजूची काच चार बोटं खाली करायची. मेडिकलच्या दुकानाशी, दूधवाल्याकडे, एटीएमपाशी. कधी अडलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी बाबा म्हणाले, "यंदा आंबे नाही आणले?"

दर वर्षी आई त्यांना घेऊन वाशीला एपीएमसीच्या घाऊक बाजारात जायची आणि एक पेटी आणायची. नाक्यावरच्या दुकानात तोच आंबा मिळतो, पण आईला पेटीतलं गवत बाजूला करून, एकेक उचलून वास घेऊन बघायचा असायचा. मला यंदा आंबे आहेत हेही आठवलं नव्हतं. मी म्हटलं, चला, आणू या. सुट्टीचा दिवस होता.

आम्ही निघालो तोवर ऊन चढलं होतं. फळ मार्केटच्या बाहेरच्या रस्त्यावर टेम्पो, हातगाड्या आणि फुटलेल्या खोक्यांचे ढीग. बाबांना त्या गर्दीत चालवणं शक्य नव्हतं. गेटच्या जवळच रस्त्याच्या कडेला टपऱ्यांसमोर एक जागा मिळाली, तिथे गाडी लावली. पेटी विकणारा समोरच दिसत होता, मला दूर जायचंही नव्हतं.

"बाबा, मी पेटी घेऊन आलेच. एसी चालू ठेवते. तुम्ही बसा."

"हो, बसतो मी."

इंजिन चालू ठेवलं, चावी तिथेच. माझ्या बाजूची काच खाली केली आणि उतरले. मागून खट्ट आवाज आला. तो आता माझ्या कानाला सवयीचा झाला होता.

पेटीवाल्याने झाकण उघडून दाखवलं. मी आईसारखा एक आंबा उचलून नाकाशी नेला. वास आला असणार, मला तो जाणवला नाही. पेटी घेतली आणि परत आले तर गाडीचं इंजिन बंद होतं आणि माझ्या बाजूची काच पूर्ण वर.

बाबा तसेच डाव्या सीटवर बसले होते, पट्टा लावलेला. मी पेटी खाली ठेवली आणि काचेवर टकटक केलं. त्यांनी वळून बघितलं.

"बाबा, दार उघडा."

काचेतून आवाज कमी जातो, पण ऐकू जात होता. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मान हलवली. नाही. मग शर्टाच्या खिशावर हात ठेवून थोपटलं. खिशातून चावीची कडी बाहेर आलेली दिसत होती. मला कळलं काय झालंय. पेट्रोल उगाच जळतंय म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं होतं. धूळ येते म्हणून त्याआधी दोन सीटांच्या मधल्या बटणाने काच वर केली होती, आणि हरवू नये म्हणून चावी काढून खिशात ठेवली होती. इतक्या वर्षांचे जपणारे हात, ते बरोबर वागले होते.

मी गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. "बाबा, मी आहे. चावी काढा. बटण दाबा."

चावीचा खिसा त्यांनी आणखी घट्ट धरला. तोंड काचेजवळ आणलं आणि सावकाश, समजावल्यासारखं म्हणाले, "मिसेस घरी नाहीत. त्या आल्या की या."

मला एक गोष्ट आठवली. उलव्याला बाबांनी एकदा एका अनोळखी माणसाला घरात घेऊन चहा दिला होता, तो दोन मोबाइल घेऊन गेला. आईने हे हसत सांगितलं होतं. नंतर ती खाली भाजीला जायची तेव्हा दाराशी उभी राहून बाबांना म्हणायची, "मी आल्याशिवाय दार उघडायचं नाही हं. कुणी काही सांगो." बाबा हो म्हणायचे. बाकी सगळं विसरत गेले, हे राहिलं होतं.

"बाबा, अहो मी तुमची मुलगी."

"असू दे," ते नम्रपणे म्हणाले. "त्या आल्या की या."

ऊन थेट टपावर पडत होतं. मी हाताने स्पर्श करून बघितलं आणि हात मागे घेतला. बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले होते. मी गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणाला, मी खारघरला आहे, यायला वेळ लागेल, मॅडम, काच फोडून टाका. भावाला फोन केला. त्याने उचलला नाही. मी हे सगळं घाई न करता करत होते, कुणा दुसऱ्याचं काम अंगावर घेतल्यासारखं. माझी छाती धडधडत नव्हती. मला वाटतं, त्याचंच मला मनातून थोडं भय वाटलं.

शेजारी एक टेम्पो उभा होता. त्यात कलिंगडं आणि आंब्याच्या पेट्या चढवल्या जात होत्या आणि एक जाडजूड, साठीची बाई कमरेवर हात ठेवून ते बघत होती. अंगावर भरपूर सोनं, हिरवी साडी, इथल्याच कुठल्यातरी गावची. घरी लग्नाची हळद असावी, एवढी फळं कुणी उगाच नेत नाही. ती माझ्याजवळ आली.

"आंत कोन हाय? बाबा हायत का तुजं?"

"हो. लॉक झालीय. चावी त्यांच्याकडेच आहे."

"मंग उघरीत कनाला नाय?"

"ते मला ओळखत नाहीयेत."

तिने वाकून काचेतून आत पाहिलं. बाबांनी तिला हात जोडले. तिनेही जोडले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "कुनाचा ऐकतील?"

"आईचं."

"आई कुठं हाय?"

मी काचेपाशी वाकले. बाबांची पापणी आता जड होत होती, ते घामाने ओल्या झालेल्या कॉलरमध्ये मान हलवत होते. मी काचेवर तळहात ठेवला आणि म्हटलं, "बाबा, आई आली."

ते थांबले. "आली?"

"हो. बाहेर उभी आहे. दार उघडा म्हणतेय."

त्यांचा सगळा चेहरा बदलला. इतक्या आठवड्यांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. लगबगीने त्यांनी दाराचा खटका ओढला. दार उघडलं नाही. लॉक होतं ना. मी हाताने खुणा केल्या, ते छोटं बटण वर करा, काचेजवळचं. त्यांना ते सापडलं. चिमटीत धरून वर केलं आणि सोडलं. खट्ट, ते पुन्हा खाली गेलं. पुन्हा वर केलं. पुन्हा खाली. एका हाताने बटण वर धरून दुसऱ्या हाताने खटका ओढायचा, हे त्यांना जमेना. दोन्ही हात एकाच कामाला जात होते.

"बाबा, चावी. खिशातली चावी, बटण दाबा."

त्यांनी चावी काढली, माझ्याकडे रोखून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गाडीने काहीच केलं नाही. ते पुन्हा दारावरच्या बटणाकडे वळले. ते आतून बोलत होते. "थांब, थांब हं, उघडतो. जाऊ नको." ते मला नव्हतं, त्यांच्या लेखी माझ्या मागे आई उभी होती, तिला होतं.

मी वळले. पेटीवाल्याच्या काट्याशेजारी लोखंडी वजनं ठेवलेली होती. त्यातलं एक उचललं. तो बाजूला झाला. टेम्पोवाली बाई म्हणाली, "मागची फोर, बाय, त्यांच्या अंगाव येल नाय तर."

मी मागच्या दाराच्या काचेवर मारलं. पहिल्यांदा नुसता आवाज झाला. मग खालच्या कोपऱ्यात जोरात मारलं आणि काच एकदम दाणेदार होऊन मागच्या सीटवर सांडली, साखर सांडते तशी. आतून गरम हवा माझ्या तोंडावर आली. मी काठावरचे तुकडे वजनानेच पाडले, हात आत घातला, मागून पुढे नेला आणि बाबांच्या दाराचं ते बटण वर उचलून धरलं.

"बाबा, आता ओढा."

त्यांनी खटका ओढला. दार उघडलं.

माझा हात तिथेच, वर धरलेला. मनगटाच्या वर काचेने ओरखडा आला होता, बारीक रेघ, रक्त येत होतं. दुखत होतं. हे दुखतंय, हे मला जरा उशिरा कळलं.

बाईने त्यांचा पट्टा सोडवला आणि दंडाला धरून बाहेर काढलं. टपरीच्या सावलीत एका उलट्या क्रेटवर बसवलं. कुणीतरी पाणी दिलं. तिने पदराने वारा घातला, ओल्या हाताने त्यांचं कपाळ पुसलं. बाबांनी पाणी पीत इकडेतिकडे पाहिलं. टेम्पो, खोकी, हातगाडीवाले.

"कुठाय ही?"

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. त्या बाईचा हात वारा घालता घालता थांबला होता. मला माहीत होतं मी पुढे काय सांगायचं ठरवलेलं आहे: आई गेली, बाबा. तोच आवाज, तेच शब्द. ते ओठांपर्यंत आले होते.

"पुढे गेलीय," मी म्हटलं. "कलिंगड बघायला."

"ह्या उन्हात?"

"तिला थांबवणार कोण?"

"तेही खरं," बाबा म्हणाले आणि आणखी पाणी प्यायले. त्यांचे खांदे खाली आले. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "तुला लागलंय, बाळ."

त्यांनी मला ओळखलं होतं. कधी ओळखलं ते मला कळलं नाही.

टेम्पो निघायची वेळ झाली तेव्हा बाई माझ्याजवळ आली. "आई नाय ना गो?" तिने विचारलं.

"नाही. होळीला गेली."

"मंग बरा केलास." तिने माझ्या डोक्यावर आपला वजनदार हात ठेवला आणि टेम्पोत चढून गेली.

घरी येताना मागच्या सीटवरून गरम वारा येत होता आणि प्रत्येक वळणावर काचेचे दाणे इकडून तिकडे घरंगळत होते. बाबांना डुलकी लागली होती. मी रडेन असं मला वाटलं होतं, निदान पाम बीच रोडवर, मोकळ्या रस्त्यावर. तसं काही झालं नाही. मी सिग्नलला थांबले, हिरवा झाल्यावर निघाले, सोसायटीत गाडी लावली. डॉक्टरला घरी बोलावून बाबांना तपासून घेतलं. रक्तदाब ठीक होता, भरपूर पाणी द्या म्हणाले. माझ्या हाताला पट्टी केली.

पार्ट आठवड्याभरात आला. गॅरेजवाल्याने मोटर बदलली, काच बसवली, चावीचं रिमोट नवं करून दिलं. आता बटण दाबलं की चारही दारं एकदम उघडतात आणि उतरल्यावर लागत नाहीत. मी ते पार्किंगमध्ये उभी राहून दोन-तीनदा करून बघितलं. बरोबर चाललं होतं. दिवसाची बाईही मिळाली, माणगावकडची, बोलकी. मी ऑफिसला जाऊ लागले.

खरं सांगणं मी त्या दिवसानंतर बंद केलं. बाबांनी विचारलं की मी म्हणते, बाहेर गेलीय, येईल. कधी भाजीला, कधी बँकेत, कधी मावशीकडे. त्यांना पुढचं काही लागत नाही. "बरं" म्हणतात आणि पेपर उघडतात. खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे ते थांबलं. मला मात्र दर वेळी एक नवी जागा शोधावी लागते जिथे ती गेलेली असेल, आणि ती शोधताना ती तिथे दिसते. बँकेच्या रांगेत पुढच्या बाईशी बोलताना. मावशीच्या ओट्याशी, कांदा चिरताना. आधी मी तिची आठवण काढतच नव्हते, हे मला असं कळलं.

भावाला मी फोनवर सगळं सांगितलं होतं, हेही. तो म्हणाला, "काच फोडलीस ते ठीक. पण हे रोजचं... मला पटत नाही."

"तू ये आणि बघ," मी म्हटलं. मी भांडत नव्हते. मला त्याच्याशी भांडायला लागणारी ताकद कुठून आणायची हे माहीत नव्हतं.

तो जूनमध्ये आला, दोन दिवसांसाठी. बाबांच्या जवळ बसला, त्यांचे पाय चेपले, ऑफिसातल्या जुन्या गोष्टी काढल्या. त्या बाबांना त्याच्यापेक्षा जास्त आठवत होत्या. कुठल्या मशीनचं ड्रॉइंग कसं चुकलं होतं, साहेब काय म्हणाले होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मग बाबा थांबले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मला बघितलं, आणि त्याच्याकडे वळले.

"तुझी आई कुठे गेली रे? तू आलायस हे तिला माहितीय ना?"

मी गॅसजवळ उभी राहिले. त्याचं तो ठरवू दे, असं वाटलं.

भावाने बाबांचा पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला. बाबा वाट बघत होते, शांतपणे, उत्तर मिळणारच आहे अशा खात्रीने.

"माहितीय, बाबा," तो म्हणाला. "येतेय. रिक्षा मिळत नाहीये तिला."

"पावसाची चिन्हं आहेत," बाबा म्हणाले. "छत्री नेली नसणार."

"नाही नेली," भाऊ म्हणाला. मग उठून बाल्कनीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. त्याची पाठ मला दिसत होती. ती हलत होती. मी थोडा वेळ बघितलं, मग गॅस बारीक केला, बाहेर गेले आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. आम्ही दोघं खाली रस्त्याकडे बघत होतो. शाळेच्या बस जात होत्या. त्याने माझ्या हातावरची खूण बघितली आणि त्यावर अंगठा फिरवला, लहानपणी खरचटलं की फिरवायचा तसा.

आत बाबांनी पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. चहा उतू जायला आला होता, म्हणून मी आत गेले.